उत्तर: फॅमिली पेन्शन निम्मी कायमची नसते
कुणीतरी लिहिलंय की झेडपीतून रिटायर झालेला नवरा गेला की बायकोला निम्मी पेन्शन जन्मभर मिळते, तसं नाहीये हो. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी नोकरीला लागलेल्या झेडपीवाल्यांना राज्य सरकारचे १९८२ चेच पेन्शन नियम लागतात, त्यात फॅमिली पेन्शन शेवटच्या बेसिकच्या ३० टक्के, वर महागाई भत्ता. रिटायर झालेला माणूस गेला तर पहिली ७ वर्षं किंवा तो ६५ चा झाला असता तोवर, यातलं जे आधी संपेल तोपर्यंत, जास्त दराने येते, मग कमी होऊन ३० टक्क्यांवर येते आणि बायकांना वाटतं बँकेनेच कापली. आमच्या काकूंचं नाव पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावर) सुमन आणि आधारवर सुमनबाई, एवढ्या 'बाई'पायी पाच महिने हेलपाटे! काका असतानाच नाव दुरुस्तीचा एक अर्ज टाकला असता तर... असो. नोव्हेंबरात हयातीचा दाखला मात्र द्या, नाहीतर पेन्शन थांबते.