बॅमफिल्डच्या सागरी विज्ञान केंद्रात हंगामी नोकरी: स्वयंपाकघर की शिकवण्याचे काम?

कातळकिनारा (प्रश्न):

नमस्कार. मी मूळची रत्नागिरीची. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून पदवी घेतली आणि सध्या कॅनडात, व्हिक्टोरिया विद्यापीठात एम.एस्सी. करते आहे. व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर बॅमफिल्ड येथे जे सागरी विज्ञान केंद्र आहे, तिथल्या दोन प्रकारच्या हंगामी कामांचा मी विचार करते आहे: एक स्वयंपाकघरातील मदतनिसाचे आणि दुसरे मुक्कामी सहलीला येणाऱ्या शाळकरी मुलांना किनारा दाखवून शिकवण्याचे. दुसरे काम माझ्या विषयाच्या जवळचे आहे हे उघड आहे. परंतु कॅनडातील मुलांसमोर उभे राहून शिकवण्याचा मला अनुभव नाही, आणि स्वयंपाकघरात निदान काम मिळण्याची शक्यता अधिक वाटते. घरी मात्र "एवढे शिकून भांडी घासायला जाणार का," असा सूर आहे. ज्यांनी अशा केंद्रांत काम केले आहे त्यांनी रोजचे काम प्रत्यक्षात कसे असते ते सांगावे, आणि माझ्या स्टडी परमिटवर यातले काय चालते हेही कोणास ठाऊक असल्यास लिहावे.

मुदपाकखाना:

मी याच किनाऱ्यावरच्या एका केंद्राच्या स्वयंपाकघरात एका उन्हाळ्यात काम केले आहे, तेव्हा त्या बाजूचे सांगतो.

तिथे भिंतीवर घड्याळाच्या शेजारी भरती-ओहोटीचे कोष्टक लावलेले असे, आणि खरा मान कोष्टकालाच होता. त्या किनाऱ्यावर मे ते जुलै या काळात उधाणाच्या दिवसांतली सर्वांत खोल ओहोटी भल्या सकाळी येते, हिवाळ्यात तीच रात्री येते. त्यामुळे उन्हाळी अभ्यासक्रमाचे विद्यार्थी उजाडताना खडकांवर पोहोचायचे असतील तर त्यांची न्याहारी आणि बांधून द्यायचे जेवण त्याआधी तयार असावे लागते. ओहोटीची वेळ दररोज साधारण पाऊण-एक तासाने पुढे सरकते, त्याप्रमाणे न्याहारीही सरकते, आणि भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीत फरक कमी असण्याचे, दिवस आले की सर्व काही पुन्हा माणसांच्या वेळेवर येते. आपण रत्नागिरीच्या आहात. कालवे काढायला जाणाऱ्या बायका घरचा स्वयंपाक कोणत्या हिशेबाने उरकतात हे आपण पाहिलेच असेल.

कामात चिरणे, भांडी आणि लादी यांचा वाटा मोठा, प्रत्यक्ष रांधण्याचा कमी. सर्वांत जोखमीचे काम म्हणजे पथ्याची ताटे. शेंगदाणा न चालणारा, ग्लुटेन न चालणारा, दूध-अंडीही न खाणारा, अशा प्रत्येकाचा बांधून द्यायचा डबा वेगळ्या फळीवर, वेगळ्या सुरीने आणि नाव लिहून भरावा लागतो, कारण समुद्रात तासभर आत गेलेल्या होडीवर चुकीचा डबा उघडला गेला तर दवाखाना जवळ नसतो. डाळ-भाताचे पातेले दर आठवड्याला चढवण्याची परवानगी मला मिळाली ती याच शाकाहारी यादीमुळे, आणि ते संपत असे.

वेळापत्रकाबाबत एक गोष्ट माहीत असू द्या. सकाळची आणि रात्रीची पाळी एकाच माणसाला देण्याची पद्धत अशा ठिकाणी असते, परंतु ब्रिटिश कोलंबिया या इथल्या प्रांताच्या कायद्यानुसार अशी तुटक पाळी सुरू झाल्यापासून १२ तासांच्या आत संपली पाहिजे, आणि दिवसाला ८ तासांपेक्षा अधिक कामाला दीडपट दर मिळतो. राहण्या-जेवणाचे पैसे पगारातून कापायचे असतील तर त्यासाठी आपली लेखी संमती लागते. हे सर्व नेमणुकीच्या पत्रातच वाचून घ्यावे. अन्न सुरक्षितपणे हाताळण्याचा, फूडसेफ नावाचा पहिल्या पातळीचा दाखला आधीच काढून ठेवा; तो एका दिवसात मिळतो, पाच वर्षे चालतो आणि अर्जात वजन पाडतो.

घरच्या सुराबद्दल एवढेच म्हणेन की केंद्रात जेवणघर एकच असते. ज्यांचे शोधनिबंध आपण वाचता ते प्राध्यापक आपल्याच हातून वाढून घेऊन शेजारच्या बाकावर बसतात, आणि संध्याकाळच्या व्याख्यानाला स्वयंपाक्यांना कोणी अडवत नाही.

वाळूतली शाळा:

मी शिकवण्याच्या बाजूला होते. मुदपाकखाना यांचे म्हणणे मान्य करूनही, आपली पदवी पाहता शिकवण्याच्या जागेसाठीच अर्ज करावा असे माझे स्पष्ट मत आहे. शाळांच्या सहली प्रामुख्याने वसंतात आणि शरदात येतात, उन्हाळा विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांचा असतो. म्हणजे या दोन नोकऱ्यांचे हंगामही एकसारखे नाहीत, हे ध्यानात घ्यावे.

अनुभव नसल्याची भीती बाळगू नका. पहिल्या आठवड्यात आपल्यालाच शिकवतात. जे शिकवतात त्यात प्राण्यांच्या नावांपेक्षा शिस्तीचा भाग मोठा आहे: उघड्या महासागराकडे पाठ करायची नाही, किनाऱ्यावर पडलेल्या ओंडक्यांवर चढायचे नाही कारण लाट आली की ते लोळतात, आणि डोक्यापेक्षा मोठा दगड उलटायचा नाही. लहान दगड उलटला तरी तो हळूच उचलून, खालचे चपटे खेकडे बाजूला होईपर्यंत धरून, पुन्हा होता तसाच ठेवायचा, कारण वरच्या बाजूच्या शेवाळाला उजेड हवा असतो आणि खालच्यांना ओल. दहा-बारा वर्षांच्या पोरांकडून एवढे करवून घेणे हीच निम्मी नोकरी आहे. त्यांचे प्रश्नही सोपे नसतात. २०१३ पासून या किनाऱ्यावरचे तारामासे एका रोगाने विरघळल्यासारखे होऊन मेले; त्याचे कारण विचारणारे एक तरी मूल प्रत्येक गटात असायचे आणि आम्हांला हात वर करावे लागत. आता निदान त्यांतल्या सूर्यफूल-तारामासा या एका जातीबाबत तरी व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा हा जिवाणू २०२५ मध्ये दाखवून दिला गेला आहे, त्यामुळे आपली सुटका सोपी होईल.

केंद्राच्या परिसराची माहितीही करून घ्या. १९०२ साली पॅसिफिक महासागराखालून टाकलेल्या तारायंत्राच्या केबलचे हे टोक होते. १९७२ मध्ये पश्चिम कॅनडातील पाच विद्यापीठांनी त्याच जागी हे केंद्र उभारले, आणि आपले व्हिक्टोरिया त्यांपैकी एक आहे. भूमी हू-आय-आट या मूळनिवासी लोकांची. १७०० सालच्या मोठ्या भूकंपानंतर आलेल्या त्सुनामीने पचीना उपसागरावरचे त्यांचे गाव वाहून नेल्याची मौखिक परंपरा त्यांच्याकडे जतन झाली आहे. उंचावर जाण्याची वाट तिथे नवख्या माणसाला का दाखवतात, हे त्यावरून कळेल.

दोन कागद लागतील: प्रथमोपचाराचा दाखला, आणि मुलांबरोबर काम करणाऱ्यांसाठी प्रांताची गुन्हेगारी नोंद तपासणी. आणि कोकणी माणसाला सांगणे भाग आहे म्हणून सांगते: खडकांवरचे शिनाणे (खडकाला चिकटणारे शिंपले) पाहून हात शिवशिवतील, पण ते आमटीत घालू नका. विशिष्ट सूक्ष्म शैवालांचे विष त्यांच्यात साठते आणि शिजवून ते जात नाही.

कागदपत्रे:

वरील दोघांनी कामाचे सांगितले. परवान्याचे मी सांगतो, कारण तिथेच घोळ होण्याची शक्यता आहे.

स्टडी परमिटवर सत्र चालू असताना विद्यापीठाबाहेर आठवड्याला २४ तास काम करता येते. ही मर्यादा नोव्हेंबर २०२४ पासून लागू आहे. पूर्णवेळ काम केवळ विद्यापीठाने जाहीर केलेल्या सुट्टीतच करता येते. पदवीच्या विद्यार्थ्यांना उन्हाळा ही सुट्टी असते, परंतु प्रबंध लिहिणाऱ्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांची नोंदणी बहुधा वर्षभर अखंड चालू राहते, आणि तसे असेल तर त्यांच्यासाठी उन्हाळाही सत्रच ठरतो. केंद्र आपल्या विद्यापीठाच्या भागीदारीतले आहे म्हणून तिथले काम आपोआप विद्यापीठाच्या आवारातले धरले जाईल, असेही गृहीत धरू नका.

दुसरे असे की अशा केंद्रांतील कित्येक हंगामी जागा कॅनडा समर जॉब्स या सरकारी अनुदानातून भरल्या जातात, आणि त्या योजनेत परदेशी विद्यार्थी बसत नाहीत. जाहिरातीत ते नाव दिसल्यास अर्जात वेळ घालवू नये. तिसरे म्हणजे आपल्या परमिटवरच्या अटी नीट वाचा. वैद्यकीय तपासणी झालेली नसल्यास मुलांच्या शिक्षणाशी संबंधित कामाला मनाई लिहिलेली असू शकते.

कातळकिनारा:

तिघांचेही मनःपूर्वक आभार. परमिट काढून पाहिला. तशी मनाई लिहिलेली नाही, तपासणी मुंबईतच झाली होती. उन्हाळ्यातही माझी नोंदणी चालूच असते, म्हणजे यंदा पूर्णवेळ काम जमणार नाही असे दिसते. प्रबंध पुढील डिसेंबरपर्यंत सादर होईल. त्यानंतरच्या वसंतात शाळांच्या हंगामासाठी अर्ज केला तर?

कागदपत्रे:

तो मार्ग मोकळा आहे. पदवीनंतर मिळणाऱ्या वर्क परमिटवर तासांचे आणि मालकाचे बंधन नसते, त्यामुळे वसंतात शिकवणे आणि उन्हाळ्यात स्वयंपाकघर असे दोन्ही करता येईल. मात्र अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचे पत्र मिळाल्यापासून १८० दिवसांच्या आत तो अर्ज करावा लागतो. स्टडी परमिटची मुदत त्याआधी संपणार नाही ना, हे विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी सल्लागाराकडून ईमेलवर लिहून घ्या. तोंडी उत्तरावर विसंबू नका.

वाळूतली शाळा:

वसंतासाठीच्या नेमणुका हिवाळ्यातच ठरतात, त्यामुळे डिसेंबरची वाट न पाहता शरदातच केंद्राला पत्र लिहून आपण केव्हापासून उपलब्ध आहात ते कळवा. मुलाखतीत एखादा प्राणी पाच मिनिटांत शिकवून दाखवा म्हणतात. तो आपल्या प्रबंधातला निवडू नये, माणूस नको तितके बोलतो.

मुदपाकखाना:

आणि पोर्ट अल्बर्नी या शहराहून बॅमफिल्डकडे येणारा रस्ता जंगलातून जातो, वाटेत फोनला रेंज नसते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वणव्यामुळे तो बंद झाला होता. होडीचे वेळापत्रकही जवळ ठेवा.