'निघालो' म्हणजे निघाला की निघणार?

मासुंदा: स्पेनच्या टेनेरीफ बेटावरच्या विमान अपघातावरचा एक लेख मासिकासाठी मराठीत आणतेय. २७ मार्च १९७७, लॉस रोडिओस विमानतळ, दाट धुकं, एकाच धावपट्टीवर केएलएम आणि पॅन ॲम या कंपन्यांची दोन जम्बो विमानं, एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली. त्याआधी केएलएमचा सहवैमानिक टॉवरला, म्हणजे विमानतळाच्या नियंत्रण कक्षाला, म्हणाला, 'वी आर नाऊ ॲट टेकऑफ.' टॉवर समजला, विमान उड्डाणाच्या जागी उभं आहे. ते तर धावायलाही लागलं होतं.

'उड्डाण करत आहोत' लिहिलं तर टॉवरवाला बहिरा ठरतो. 'उड्डाणासाठी सज्ज आहोत' लिहिलं तर वैमानिक खोटा पडतो. मला दोन्ही अर्थ एकाच वाक्यात हवेत, म्हणून 'आम्ही आता निघालो' लिहिलं. संपादकांनी परत पाठवलं. म्हणे, निघालो म्हणजे निघालो, त्यात दोन अर्थ कुठले?

नौपाडा: ताई, तुमचा शब्द बरोबर आहे. माझे वडील फोर्टातल्या ऑफिसातून फोन करायचे, 'निघालो'. आई घड्याळ बघून कुकर लावायची. वडील मात्र अजून टेबल आवरत असायचे. रूप भूतकाळाचं, पण क्रिया व्हायचीय. 'आलोच', 'हा बसलो' तसंच. 'मेलो!' ओरडणारा जिवंतच असतो.

खारेगाव: सहमत नाही. मी मूळचा सातारकडचा. आमच्याकडे 'निघालो' म्हणजे उंबरा ओलांडला. त्याआधी 'निघतोय', फार तर 'निघतोच'. फोन खिशात आले आणि मुंबई-ठाण्याकडे हा शब्द सैल झाला.

नौपाडा: वडिलांचा फोन खिशातला नव्हता हो, काळा, तबकडीचा. १९८२ साल असेल. आणि 'आलोच'चं काय करता? तेही मोबाईलनं आणलं?

ऐरोली: मूळ मुद्दा वेगळाच आहे. टॉवर, टेकऑफ, क्लिअरन्स असले शब्द मराठी लेखात कशाला? दिनांक, महापौर हे सावरकरांनी दिलेले शब्द आज कुणाला खटकतात? टेकऑफला उड्डाण, क्लिअरन्सला अनुमती. शब्द वापरले की रुळतात.

मासुंदा: ऐरोली, 'उड्डाण'पाशीच अडतंय. त्या दिवशी टॉवरनं वैमानिकांना आधी फक्त पुढच्या मार्गाची क्लिअरन्स सांगितली. 'टेकऑफनंतर उजवीकडे वळा' असं त्यात होतं. म्हणजे टेकऑफची परवानगी मिळण्याआधीच तो शब्द कॉकपिटमध्ये पोचला. म्हणून अपघातानंतर नियम आला, की 'टेकऑफ' फक्त परवानगी देताना किंवा ती रद्द करताना बोलायचं, एरवी 'डिपार्चर'. मराठीत दोन्हींना उड्डाण म्हटलं तर लेखाचं शेवटचं पान वाचकाला कळणारच नाही. शिवाय 'दिल्लीचं उड्डाण रद्द' म्हणतो तेव्हा तिसराच अर्थ.

खाडीपूल: मी रेल्वेतून निवृत्त, बरीच वर्षं एका लहान स्टेशनात स्टेशनमास्तर होतो. गाडी पुढे सोडायच्या परवानगीला आम्ही 'लाईन क्लिअर'च म्हणायचो. गँगमनपासून साहेबापर्यंत सगळे तेच म्हणायचे, 'अनुमती' कुणाच्या तोंडी नव्हती. ऐरोली, राग मानू नका. माणसाचा जीव ज्या शब्दावर असतो तो बदलायला आम्ही भितो.

फाटकवाल्याला फोन करून गेट बंद करायला सांगायचं. तो नुसतं 'बरं साहेब' म्हणाला तर मी फोन ठेवत नसे. गेट लावून त्यानं त्याच्या कागदावरचा प्रायव्हेट नंबर सांगायचा, मी तो वहीत उतरवायचा. 'बरं' म्हणजे ऐकलं, की केलं? आकडा आला की झालं. ताई, तुमच्या टॉवरनं काय उत्तर दिलं होतं?

मासुंदा: काका, तुम्ही नेमकं तेच विचारलंत. टॉवर म्हणाला, 'ओके', मग क्षणभर थांबून, 'स्टँडबाय फॉर टेकऑफ, आय विल कॉल यू.' त्याच क्षणी पॅन ॲमचा वैमानिक सांगत होता की आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. दोघं एकाच वेळी बोलल्यानं रेडिओवर नुसती कर्कश शिट्टी उमटली. केएलएमला स्वच्छ ऐकू आलं ते फक्त 'ओके'. ते मी 'बरं' असं केलंय. आता तुमचं वाचून तेच ठेवते.

ऐरोली: 'बरं' छान, मान्य. 'क्लिअरन्स' अजूनही मान्य नाही. रेल्वेत इंग्रजांनी दिलं ते राहिलं, एवढाच त्याचा अर्थ.

उलवेकर: डिपार्चरला 'प्रस्थान' का नको? गोंधळ मिटेल.

नौपाडा: मिटणार नाही, वाढेल. माउलींच्या पालखीचं प्रस्थान होतं त्या रात्री पालखी आळंदीतच असते, वाटेला लागते दुसऱ्या दिवशी. आणि 'प्रस्थान ठेवणं' ऐकलंय ना? मुहूर्त आज, जाणं चार दिवसांनी, म्हणून तांदूळ-सुपारी नाहीतर एखादं वस्त्र आधी पुढे नेऊन ठेवायचं. ते निघणं धरतात, माणूस मात्र घरीच. ताईंना हवी ती गल्लत या शब्दात आधीपासूनच आहे.

खारेगाव: म्हणूनच तर 'प्रस्थान' हा वेगळा शब्द केला! 'निघणे' त्यात ओढू नका.

मासुंदा: शुक्रवारी लेख द्यायचाय. 'निघालो' ठेवू की नको, एवढं कुणी सांगेल का?

उलवेकर: ताई, नौपाडांचं वाचून एक आठवलं. आमचं गाव तरघर, नवी मुंबईच्या विमानतळासाठी उठलं. आजीनं मुहूर्तावर नव्या घरात नारळ, तांदूळ नेऊन ठेवले आणि त्यानंतरही कितीतरी दिवस जुन्याच घरात चूल पेटवली. शेजारणीनं विचारलं की सांगायची, 'आम्ही निघालो.'

खारेगाव: नव्हत्या निघाल्या. शेवटची चूल विझली तो दिवस धरायचा.

उलवेकर: आजी अजून नारळाचा दिवस धरते.