सेवेसाठी वेगळा वेळ कशाला?
नोकरी, लोकल, घर यातच आयुष्य चाललंय, देवासाठी काही होतच नाही असं आपल्यातले बरेच जण म्हणतात, पण मला मनापासून वाटतं की सेवा याच धावपळीत आहे. पंडिता रमाबाईंचंच बघा ना, १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलं ते विधवा मुलींना शिकवायला, पुढे केडगावला दुष्काळातल्या बायका-मुलींना आसरा दिला, शेती, विणकाम, छपाई असली साधी रोजची कामं शिकवली. भुकेल्याला दिलं ते मलाच दिलं हे येशूचं म्हणणं (बायबलमधलं मत्तयाचं पुस्तक, अध्याय २५) रमाबाईंनी खरंच जगून दाखवलं. आमच्या चर्चमधल्या एक मावशी सकाळची मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) झाली की परळला टाटा हॉस्पिटलमध्ये जातात, गावाकडून आलेल्या पेशंटच्या नातेवाईकांना फॉर्म भरून देतात, कुठल्या खिडकीवर जायचं ते सांगतात, बस्स एवढंच. तुमच्या बिल्डिंगमध्ये कुणी एकटे आजी-आजोबा असतील तर येताना त्यांची औषधं आणून द्या, आणि पाच मिनिटं बसा त्यांच्याजवळ.