क्लोरिनचे 11 टनर (मोठे सिलिंडर) म्हणजे 9.9 टन, मग डिशला (राज्याच्या औद्योगिक सुरक्षा खात्याला) कळवायचं की नाही?

नवखा_महाड: नमस्कार मंडळी, महाड एमआयडीसीत डाय इंटरमीजिएटच्या (रंग बनवायला लागणाऱ्या रसायनांच्या) प्लांटला सेफ्टीत लागून दोन महिने झालेत, आधीचा माणूस सोडून गेला आणि फाइल अर्धवट. घातक कचऱ्याचा वार्षिक रिटर्न, फॉर्म 4, जूनअखेर गेला, एन्व्हायर्नमेंट स्टेटमेंट सप्टेंबरअखेर जाईल, तेवढं जमतंय. अडलंय क्लोरिनवर. शेडमध्ये 900 किलोचे 11 टनर ठेवतो. मॅनेजर म्हणतात 10 टनांच्या खाली आहोत, घातक रसायनांच्या साठ्याचे 1989 चे रूल आपल्याला लागतच नाहीत. पण गणपतीच्या आधी डीलरने 14 पाठवले होते, ते आठ-दहा दिवस पडून होते. ते धरायचे का?

घाटावरचा_फिटर: धरायचेच की. आज किती आहे ते कोण विचारतंय, जास्तीत जास्त किती राहू शकतो ते बघतात. 14 म्हणजे 12.6 टन. 10 टनांच्या वर गेलात की साइटची माहिती डिशला, ऑनसाइट प्लॅन (अपघात झाला तर आवारात काय करायचं त्याचा) आणि दर सहा महिन्यांनी मॉक ड्रिल आलं, 25 ला गेलात तर सेफ्टी रिपोर्ट आणि ऑडिटसुद्धा.

नवखा_महाड: मग गेट पास दाखवतोच मॅनेजरना. यापुढे 11 वरच थांबलो तर चालेल ना पण?

तारापूर_जुना: भाऊ, 100 किलोच्या फरकावर झोप कशी लागते तुम्हाला 😄 रिकामे टनर कुठे ठेवता? आमच्याकडे सगळे रिकाम्यांना "एम्टी" म्हणून सोडून द्यायचे, पण दाब कमी झाला की ऑपरेटर टनर बदलतो आणि आत माल राहतोच. काट्यावर चढवा, कॉलरवर टेअर वेट (रिकाम्या टनरचं वजन) पंच केलेलं असतं ते वजा करा, तेच रजिस्टरला लिहा. आणि व्हॉल्व्हपाशी अमोनियाची बाटली धरून बघा, पांढरा धूर आला की समजायचं. 2010 ला शिवडीजवळ पोर्टच्या आवारात गळती झाली ती वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या सिलिंडरमधूनच, शंभरच्या आसपास लोकांना त्रास झाला होता.

घाटावरचा_फिटर: बरोबर. आणि मोठा अपघात झालाच तर 48 तासांत कळवावं लागतं, तेव्हा आधी कळवलेलंच नसेल तर काय तोंड दाखवणार. पेसोचं (स्फोटकं नि गॅस सिलिंडर बघणारी केंद्राची संस्था) लायसन्स वेगळं हं, त्यावर किती सिलिंडरची परवानगी आहे तेही बघून घ्या.

नवखा_महाड: आज सकाळी सात रिकामे काट्यावर चढवले. सहांत मिळून 70 किलो निघाला, सातव्यात एकट्यात 140, त्याला हिरवा "रिकामा" टॅग बांधलेला होता. म्हणजे 11 भरलेले असतानाच 10.11 टन. मॅनेजरना वजनाची पावती दाखवली, दोन मिनिटं बघत बसले, मग म्हणाले फॉर्म काढ. साइटच्या माहितीचा नमुना शेड्यूल 7 चाच ना?

तारापूर_जुना: हो, 7 च. त्यात जास्तीत जास्त साठा 14 चाच धरा, 11 चा नको.