एंड क्रेडिट्स म्हणजे टेलिफोन डिरेक्टरी? जरा बसा

शेवटची रांग:
काल इथंच एकाने लिहिलं की "एंड क्रेडिट्सच्या मागे एखादा सीन लपवला असेल तरच बसायचं, नाहीतर ती टेलिफोन डिरेक्टरी आहे, उठा आणि निघा." खाली अंगठ्यांची रांग. तिथंच दोन ओळी खरडायला गेले आणि एवढं लांबलं की वेगळा धागा काढतेय. ज्यांना लांबण सोसत नाही त्यांनी इथूनच उठावं, तशी सवय आहेच.

माझं म्हणणं असं की सीनवाली क्रेडिट्स कुणाच्याच लक्षात राहत नाहीत. लक्षात राहतो तो सीन. मधली सात-आठ मिनिटं लोक मोबाईल काढून बसलेले असतात, डॉक्टरकडे नंबर लावल्यासारखे. क्रेडिट्स लक्षात राहतात ती सिनेमा संपला तरी त्याचा हात सोडत नाहीत म्हणून. 'सैराट'च्या शेवटी आवाजच काढून घेतलाय, ते पोर लाल पावलं उमटवत जातं आणि कानात नुसती शांतता. मी बघितला तेव्हा दिवे लागले तरी रांगेतलं कुणी हलेना, शेजारची बाई पर्सची चेन लावायला गेली आणि त्या चेनच्या आवाजाने तीच दचकून थांबली. याला म्हणतात शेवट.

'कॉल मी बाय युवर नेम' (२०१७) घ्या. पोरगं शेकोटीसमोर बसून रडतंय, मागे धूसर दिसतंय की घरात टेबल मांडतायत, आणि नावं त्याच्याच बाजूला येतायत जातायत. 'सेव्हन'मध्ये (१९९५) नावं उलटी चालतात, वरून खाली. दोन मिनिटं कळत नाही काय खटकतंय, पण खटकत राहतं, आणि सिनेमाने तुम्हाला तेच करून सोडलेलं असतं. 'वॉल-ई'मध्ये (२००८) तर पुढची अख्खी गोष्टच क्रेडिट्समध्ये आहे, माणसं परत शेती शिकतात, आणि ती चित्रं गुहेतल्या भिंतीपासून सुरू होऊन व्हॅन गॉगपर्यंत येतात. हे सोडून पार्किंगकडे पळणाऱ्यांनी तिकीट काढलं कशाला?

आणि हो, ही नावं माणसांची असतात. तुमच्यासाठी राबलेल्या. त्यांच्यासाठी सात मिनिटं बसवत नाही?

उतावळा नारद:
मीच तो डिरेक्टरीवाला, नमस्कार 🙏 नाव न घेता ठोकल्याबद्दल आभार.

एकेक घेऊ. लपवलेला सीन ही काही सुपरहिरोवाल्यांची फॅशन नाही. १९७९ च्या 'मपेट मूव्ही'त शेवटी तो बाहुला प्रेक्षकांवर ओरडतो की घरी जा, १९८६ च्या 'फेरिस ब्युलर'मध्ये हिरो बाथरोबमध्ये येऊन विचारतो अजून इथंच? २००८ साली 'आयर्न मॅन'ने त्याचा धंदा केला, ते मान्य. पण त्या धंद्यामुळेच लोक पहिल्यांदा खुर्चीत थांबायला लागले. आधी काय सगळे हात जोडून नावं वाचत होते?

दुसरं. त्या रडणाऱ्या पोराच्या वेळी एडिटरचं नाव काय आलं होतं सांगा. गूगल न करता. नाही ना येत? मग कसला आदर? तुम्ही चेहरा बघत होतात. जितकी क्रेडिट्स 'मेमरेबल' तितकी नावं कमी वाचली जातात, हे सरळ गणित आहे. माझी डिरेक्टरी निदान प्रामाणिक तरी आहे, त्यात नाव सोडून बघायला दुसरं काही नसतं.

आणि 'अव्हेंजर्स: एंडगेम'ला मी रडलोय. शेवटी सह्या आल्या तेव्हा. सहा नटांच्या. हसायचं तर हसा.

शेवटची रांग:
हसत नाही, टाळ्या वाजवतेय. 'एंडगेम'ला (२०१९) लपवलेला सीनच नाहीये! सह्या आहेत, आणि अगदी शेवटी अंधारात हातोड्याचा ठण ठण आवाज, पहिल्या 'आयर्न मॅन'मध्ये गुहेत चिलखत ठोकताना होता तो. म्हणजे सीन नसताना तुम्ही बसलात, वर रडलात. माझंच म्हणणं मांडलंत की.

एडिटरचं नाव नाही आठवत. बरं. एक पॉइंट तुम्हाला.

रोटोमावशी:
"ही नावं माणसांची असतात" म्हणे. ताई, सगळ्यांची नसतात, तेवढं सांगायला आले.

मी रोटो करायचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हिरोईनच्या मागचं आकाश बदलायचं असेल तर तिच्या कडेकडेने रेघ ओढावी लागते, प्रत्येक फ्रेमला, सेकंदाला चोवीस. केस उडत असले की रडू येतं. एका मोठ्या सिनेमातल्या अकरा सेकंदांवर मी आणि अजून एक जण पावणेतीन आठवडे बसलो होतो, वाऱ्यातले कुरळे केस. रिलीजला घरच्या सगळ्यांना घेऊन गेले. आई चष्मा पुसून बसली. नावांचा रोल सुरू झाला, आमच्या कंपनीचं नाव आलं, खाली बारा नावं. आम्ही काम करणारे सत्तरच्या वर. पहिली चार मालक आणि मॅनेजर लोकांची.

कारण काय तर कंपनीला तेवढीच नावं मिळाली होती, करारात ठरलेली. हे सगळीकडे चालतं. आई म्हणाली, "गेलं का? मी डोळे मिचकावले का?" मी म्हटलं हो आई, पटकन गेलं.

तेव्हा सात मिनिटं बसण्याचं पुण्य इथं कुणी मिरवू नका. यादी अर्धीच असते.

पिक्सेलपंत:
मावशी, वाईट वाटलं. मी तो रोल बनवतो (करारातली नावं मी ठरवत नाही, आधीच सांगतो, मारू नका).

पण "पटकन गेलं" हे कुणाच्या लहरीवर नसतं म्हणून थोडं सांगतो. सेकंदाला २४ फ्रेम. रोल प्रत्येक फ्रेमला पूर्ण पिक्सेलनेच (पडद्यावरचा ठिपका) सरकवायचा, दोन किंवा तीन किंवा चार. अडीच ठेवलं की अक्षरं थरथरतात, ताप आल्यासारखी. पडद्याची उंची १०८० पिक्सेल धरली तर तीनने सरकवल्यावर एक नाव खालून वर जायला १५ सेकंद घेतं. चारने केलं की सव्वाअकरा. आता प्रोड्यूसर म्हणतो गाणं साडेचार मिनिटांचंच आहे, रोल तेवढ्यात बसव. नावं वाढत जातात, गाणं वाढत नाही, मधे अडीच-साडेतीन चालत नाही, मग तीनचा चार होतो. तुमच्या आईंचे पावणेचार सेकंद तिथं जातात.

आणि नारदराव, तुमचं गणित अर्धं बरोबर. चित्र आणि नाव शेजारी ठेवलं तर चित्रच जिंकणार. पण नावालाच चित्र करता येतं. १९६१ च्या 'वेस्ट साइड स्टोरी'ची क्रेडिट्स टायटल डिझायनर सॉल बासने केली, नावं भिंतींवर, दारांवर, रस्त्याच्या पाट्यांवर खरडलेली, कॅमेरा त्या भिंतीवरून फिरतो. नाव वाचल्याशिवाय ते बघताच येत नाही. त्याच्या आधी १९५६ मध्ये 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज'च्या शेवटीही त्यानेच अख्खी गोष्ट कार्टूनमध्ये परत सांगितली होती, जवळजवळ सगळी नावं तिथंच. साठ-सत्तर वर्षं झाली, आम्ही अजून काळ्यावर पांढरं.

उतावळा नारद:
पंत, हे पटलं. अर्धं बरोबर म्हणालात त्यातलं अर्धं.

मावशींचं वाचून मात्र माझा मुद्दा अजून पक्का झाला. यादी खोटी असेल तर तिला मान कसला? 'लाइफ ऑफ पाय'चंच बघा. त्यातला वाघ ज्यांनी कॉम्प्युटरवर उभा केला त्या रिदम अँड ह्यूज कंपनीने फेब्रुवारी २०१३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, त्याच महिन्यात त्याच कामाला ऑस्कर मिळालं, आणि स्टेजवर त्यांचा माणूस कंपनीबद्दल बोलायला लागला तर 'जॉज'चं म्युझिक वाजवून माइक बंद केला. पडद्यावर नाव होतंच की त्यांचं. काय उपयोग झाला?

रोटोमावशी:
उपयोग? पुढचं काम नावावर मिळतं हो. "कशात केलंस?" विचारतात, तेव्हा नाव दाखवावं लागतं. तुम्हाला तो फक्त रडण्याचा विषय आहे.

आणि माझी गोष्ट तुमच्या बाजूने वापरू नका. मी यादी खोटी म्हटलं नाही, अर्धी म्हटलं. अर्धी यादी पूर्ण करायची असते, फाडायची नसते.

अंधारातली बॅटरी:
खूप वेळ वाचतोय. मी एकोणीस वर्षं थिएटरात डोअरकीपर होतो. इथं सगळे कामगारांचा आदर करतायत ते बघून बरं वाटलं. आता माझं ऐका.

शो संपला की पुढच्या शोला वीस-पंचवीस मिनिटं. त्यात अडीचशे-तीनशे खुर्च्यांखालचा कचरा. झाडणाऱ्या दोन बायका आणि एक पोरगा दाराशी झाडू घेऊन उभे. आणि मधल्या रांगेत चार रसिक बसलेले, लंडनमधल्या साउंड असिस्टंटचं नाव वाचत. दिवे लागले तर ओरडायचे "कलेची कदर नाही." बाहेर पुढच्या शोची गर्दी मॅनेजरच्या नावाने बोंबलतेय, मॅनेजर माझ्या, मी त्या बायकांच्या. पडद्यावर ज्याचं नाव येतं तो कामगार, आणि झाडू घेऊन उभी आहे ती कोण? तिचं नाव कुठल्या रोलमध्ये येतं?

शेवटची रांग:
काका, हे भावनेवर नेणं झालं. दोन शोमध्ये वेळ कमी ठेवतो मालक, आणि दोष बसणाऱ्या प्रेक्षकाला? क्रेडिट्स सिनेमाचा भाग आहेत, शेवटचं रीळ कापून दाखवलं तर चालेल का? दिवे लावणं हा माजच आहे.

अंधारातली बॅटरी:
माज? दिवे मी लावायचो. मालकाला शिव्या घालायला तुम्ही मालकाकडे गेलात का कधी? नाही, माझ्यावर ओरडलात. तुमच्यासारख्याच एका ताईंनी मला "अडाणी" म्हटलं होतं, सगळ्यांसमोर. तो सिनेमा मी बाविसाव्यांदा बघत होतो, क्रेडिट्ससकट. संगीत संयोजकाचं नाव त्यांच्याआधी मला पाठ होतं.

उतावळा नारद:
काका 🔥🔥

शेवटची रांग:
मी कुणाला अडाणी म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही. "माज" मागे घेते. दिवे मागे घेत नाही.

पिक्सेलपंत:
भांडण मोडायला सांगतो, 'ओम शांती ओम' (२००७) आठवा. शेवटी अख्खं युनिट लाल गालिच्यावरून चालत येतं, लाइटवाले, स्पॉटबॉयसकट. नावासोबत चेहरा. कुणीही उठत नाही. नारदरावांचं गणित तिथं गळपटतं, कारण नाव आणि चित्र एकच माणूस आहे.

उतावळा नारद:
ते आवडलंय मला, आधीच सांगतो. जॅकी चॅनचंही, 'रंबल इन द ब्राँक्स'मध्ये घोटा मोडल्यावर प्लास्टरवर बुटासारखा रंगवलेला मोजा चढवून शूटिंग करतोय, ते क्रेडिट्समध्येच कळतं. त्याच्या सिनेमाला लोक त्या भागासाठीच थांबायचे. तर घ्या, डिरेक्टरी हा शब्द मी मागे घेतो, या तीन-चार सिनेमांपुरता. बाकीचे चारशे तुम्ही वाचत बसा.

रोटोमावशी:
गालिच्यावर आमच्यासारखे कुठे असतात? आम्ही तेव्हा अंधाऱ्या खोलीत पुढच्या पिक्चरचे केस कापत असतो.

आणि काका, तुमचं पटलं. तेव्हा आई खुर्चीतून उठत नव्हती, नाव परत येईल म्हणून, आणि दाराशी झाडूवाली ताई उभी होती. तिने काही न बोलता आमच्या दोन रांगा सोडून पलीकडून झाडायला घेतलं.

अंधारातली बॅटरी:
तसंच सांगितलेलं असायचं आम्ही. म्हातारं माणूस असेल तर पलीकडून सुरू करा.

पिक्सेलपंत:
मावशी, नंतर कधी आलं का नाव?

रोटोमावशी:
आलं, दोन वर्षांनी. आडनावात एक अक्षर कमी.

पिक्सेलपंत:
ती आमची चूक. एक्सेल शीट येते रात्री दीडला, सातशे नावं, कोण तपासतंय. सॉरी.

उतावळा नारद:
कुठला पिक्चर? कितव्या मिनिटाला येतं? बघतो लावून.

रोटोमावशी:
पिक्चर मेसेजमध्ये सांगते. मिनिट नाही सांगणार.