मदत हवी आहे : लेकीला पहिल्यांदाच शूटिंग रेंजवर नेतोय

मंडळी, रविवारी लेकीला घेऊन जळगावला रेंजवर जायचंय. १० मीटर एअर रायफल. २०२४ ला स्वप्निल कुसाळेला पॅरिसला ब्राँझ मिळालं, तेव्हापासून तिचा हट्ट. आम्ही भुसावळकर, बंदूक पाहिली ती जत्रेत फुगे फोडायचीच! नळीचं तोंड कायम टार्गेटकडे, नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर, एवढं कळलंय. छर्रे शिशाचे, म्हणून हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही, हेही. पण शेजारचा नेम धरून उभा असताना मागे कुजबुजलेलं चालतं का? फोटो काढायचे तर कोणाला विचारायचं? लेक डावखुरी आहे, ते आधीच फोन करून सांगू का? आणि छर्रा अडकला तर नळी तशीच समोर ठेवून नुसता हात वर करायचा ना? जाणकारांनी सांगा भो.