विषय: आपल्या परदेशातल्या मंडळाचं हळदीकुंकू, हलव्याचे दागिने – किती जोड? आज रात्रीच्या आत कळवा!!

नंदिनी (सध्या कोल्हापूर)
मंडळी, घाईत लिहितेय. मंगळवार पेठेत आत्याकडे आहे. हलव्याचे दागिने करणाऱ्या काकूंनी संक्रांत झाली तशी शेगडी-परात आवरून ठेवली होती. माझ्यासाठी परत काढायला तयार झाल्यात, पण आकडा आज हवा. साखरेला काटा फुलायला वेळ लागतो, मग ओवायचं, मग पुठ्ठ्यावर शिवायचं, आणि मी शुक्रवारी निघतेय. बॅगेत साडेपाच किलो जागा आहे, त्यात तुमच्या चपला. किती जोड आणू?

सुधाताई
दोन. यादी मी डिसेंबरातच पाठवली आहे, कृपया वाचत जावी. लग्नानंतरची पहिली संक्रांत असेल त्याच जोडप्याला दागिने घालतात. रथसप्तमी यंदा १३ फेब्रुवारीला आहे, तोवर हळदीकुंकू चालतं, म्हणून मी हॉल १३ चा घेतला. व्हॅलेंटाइनसाठी नव्हे. मागचं चॉकलेटचं कारंजं आणि त्यानंतरचा गालिचा सगळ्यांना आठवत असेलच.

अवधूत
सुधाताई, गालिच्याचं मिटलंय, पैसे भरलेत. पोस्टर 'हळदीकुंकू आणि प्रेमाचा सण' असं गेलंय, तुम्हाला दाखवून. सात जोडप्यांनी नाव दिलंय. फोटोच्या कोपऱ्यात सगळ्यांनाच घालू. नंदिनी, सात आण.

सुधाताई
सातांतल्या तिघांची लग्नंच झालेली नाहीत. त्यांना हलव्याचं मंगळसूत्र घालणार? फोटो भारतात त्यांच्या घरी पोचले की फोन मला येतात, युवा समितीला नाही.

बापू
अवधूतच्या पोस्टरवर 'पाश्चात्त्य सण आपल्या पद्धतीने' असं लिहिलंय, त्याला माझी हरकत आहे. १४ फेब्रुवारीचा प्रेमाशी संबंध चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कवी चॉसरच्या कवितेतून दिसायला लागतो. त्या दिवशी पक्षी आपापला जोडीदार निवडतात, एवढीच त्यातली कल्पना. त्याआधी सातशे वर्षं आपल्याकडे सम्राट हर्षाच्या 'रत्नावली' नाटकाचा पहिला अंक मदनोत्सवाने सुरू होतो. नगरभर गुलाल उडतोय आणि राणी तांबड्या अशोकाखाली मदनाची पूजा करतेय. शिवाय गाथासप्तशती आहेच. सातशे गाथा, आपल्याच महाराष्ट्री प्राकृतात, आणि बहुतेक प्रेमाच्याच. त्यात चोरून भेटणाऱ्यांना कोणी पहिली संक्रांत विचारलेली नाही. मी दहा मिनिटं बोलायला तयार आहे.
ता.क. नंदिनी, नरसोबाच्या वाडीला जाणार असशील तर कंदी पेढे अर्धा किलो.

खजिनदार
पेढे नकोत. भारतातून दुधाचे पदार्थ आणायला इथे बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. वाडीची बासुंदीही नको, आधीच सांगतो. हलवा साखरेचा, त्याला अडचण नाही. बापूंची दहा मिनिटं म्हणजे किती, हे दिवाळीत कळलंय. हॉल साडेनऊला रिकामा करायचा आहे.

केदार
चॉकलेटचा विषय निघालाच आहे तर. आमच्या हिच्या माहेरी, जपानात, १४ फेब्रुवारीला बायका पुरुषांना चॉकलेट देतात, उलट नाही. नवऱ्याला किंवा मित्राला खास असतं, आणि ऑफिसातल्यांना कर्तव्य म्हणून वेगळं, त्याला 'गिरी-चोको' म्हणतात. मग १४ मार्चला, व्हाइट डेला, पुरुषांनी परतफेड करायची. हा दुसरा दिवस १९७०च्या दशकाच्या अखेरीस तिकडच्या मिठाईवाल्यांनी रुजवला. तर हिनं इथं आल्यावर पहिल्याच वर्षी कार्यकारिणीच्या अकरा पुरुषांना स्वतः करून चॉकलेटं दिली होती. १४ मार्चला कोणी काहीही आणलं नाही. दोघांच्या तर घरी गैरसमज झाला, ते प्रकरण इथे नको. अकराच्या अकरा नावं तिला अजून पाठ आहेत.

खजिनदार
मी कुरिअरने पाठवलं होतं.

केदार
दिवाळीला. फराळ. तो सगळ्यांनाच जातो.

ईशाची आई
माझा प्रश्न कोणी घेतलेलाच नाही. सुधाताईंच्या दोघांत ईशाचं नाव नाही. का?

सुधाताई
त्यांच्या लग्नाची नोंदणी गेल्याच्या गेल्या ऑक्टोबरात झाली. म्हणजे पहिली संक्रांत गेल्या वर्षीच होऊन गेली. मी नियम बदलू शकत नाही.

ईशाची आई
नोंदणी व्हिसाच्या कागदांसाठी होती. अक्षता डिसेंबरात पडल्या, कोल्हापुरात, माझ्या आईच्या दारात. सुधाताई, तुम्ही पत्रिका घेतलीत, आहेरसुद्धा पाठवलात (मिक्सर चांगला चालतोय). मग तो कोणत्या लग्नाचा होता? जावई वेल्सचा आहे. त्यांच्याकडे प्रेमाचा चमचा कोरून देतात. एकाच लाकडातून साखळी, बदाम, पिंजऱ्यात फिरणारा गोळा, सगळं सांधा न लावता. कार्डिफजवळ सेंट फॅगन्सच्या संग्रहालयात १६६७ चा चमचा आहे. यानं तो पाहिला आणि तसा आठ महिने बसून ईशासाठी कोरला. लग्नात तो घरी मांडून ठेवला होता. माझ्या आईनं रात्री पळी सापडेना म्हणून त्या चमच्यानंच तांबडा रस्सा ढवळला. पोरगा बघून आधी पांढरा पडला, मग दोन वाट्या प्यायला. चमचा आता कायमचा तांबडा झालाय. एवढं सोसलं त्यानं, आणि त्याला हलव्याचा हार नाही?

बापू
चमचा तांबडा होणं म्हणजे मदनोत्सवच.

अवधूत
+१. सात.

नंदिनी (सध्या कोल्हापूर)
इथे रात्रीचे दहा वाजले. आत्याला सगळ्या मेल वाचून दाखवल्या. ती म्हणाली, "शाहू महाराजांनी परजातीतल्या लग्नाला कायदा केला त्या गावात बसून तुम्ही तारखा मोजताय व्हय? थांब, मी सांगतो." (सुधाताई, इकडच्या बायका 'मी सांगतो'च म्हणतात, मागच्या वेळसारखं दुरुस्त करू नका.)

तिची पहिली संक्रांत. काळी चंद्रकळा, अंगभर हलवा, वाड्यात पन्नास बायका. लग्नाला दोन महिने झाले तरी काका चारचौघांत तिच्याशी बोलले नव्हते. संध्याकाळी सासूनंच दोघांना रंकाळ्यावर पाठवलं, धाकट्या दिराला सोबत देऊन. दागिने काढायला सवड नव्हती म्हणून बाजूबंद तसाच राहिलेला. दीर फुटाणे आणायला पळाला तेवढ्यात काकांनी बाजूबंदातला एक दाणा तोडून तोंडात टाकला आणि म्हणाले, "कडक आहे." एवढंच. परत येईपर्यंत निम्मा बाजूबंद संपला होता. सासूनं विचारलं तर दिरानं सांगितलं, मुंग्यांनी खाल्ला. आत्या हे सांगताना अजून लाजते. काकांना जाऊन नऊ वर्षं झाली.

मग तिनंच मला न विचारता काकूंना फोन लावला. तीन पूर्ण जोड: यादीतले दोन आणि ईशाचा. बाकीच्यांना मंगळसूत्र नाही, पण बायकांना बाजूबंद आणि पुरुषांना हलव्याचं घड्याळ. लग्न झालेलं असो-नसो. वर दीड किलो सुटा हलवा.

सुधाताई
बाजूबंदाला माझी हरकत नव्हतीच. मात्र वाण पहिल्या तिघींनाच, आणि ओटी मी भरेन.

केदार
ही विचारतेय, सुटा हलवा १४ मार्चपर्यंत टिकतो का? तिच्या अकरा जणांसाठी.

नंदिनी (सध्या कोल्हापूर)
कोरड्या डब्यात ठेवला तर टिकतो, दमट हवा लागली की चिकटतो. दागिने मी हातातल्या बॅगेत आणतेय, त्यामुळे मोठ्या बॅगेत चपलांना जागा झाली. ज्यांनी 'माझ्या नेहमीच्या मापाची' असं कळवलंय त्या तिघांनी कृपया नंबर पाठवा. उद्या दुपारी दुकानात असेन. खजिनदार, तुमची एकच चप्पल पाठवलीत, डावी. तिच्या मापानं दोन्ही पायांची आणू ना?